पांघरुणाखालचा रोग

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याचा कर्ता ते पाहावयास उरला नव्हता. त्याच सालच्या २३ जानेवारीस सावनेर येथे त्याचे देहावसान झाले होते. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहून त्या पिढीने डोळे पुसले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते नाटक वाचून पुसले. त्यातून जो बोध सर्वांनी घेतला तो असा की, पहिल्या प्याल्यास स्पर्श करू नये. बोध उत्तम आहे. परंतु ज्याने अद्याप स्पर्श केलेला नाही त्याच्यापुरताच. ज्या घरात प्याला दहा वर्षांपूर्वीच येऊन बसला आहे, त्या घराने तो बोध ऐकून करावे काय?

त्या घराने हे नाटक जरा निराळ्या दृष्टीने, म्हणजे वैद्य रोग्याची हकीकत वाचतो तसे, पुन्हा वाचावे. सुधाकर हा कोणी उनाड टवाळखोर नव्हे. तो बुद्धिमान, मानी वकील आहे. तो पहिला प्याला घेतो तो चैनीसाठी नव्हे, तर कचेरीत झालेला अपमान विसरावा म्हणून. पुढे तो मद्य सोडण्याची शपथ घेतो, आणि ती खरी असते. पण काम मागण्यास जुन्या परिचितांकडे गेल्यावर पदरी अवहेलना येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. शेवटी, त्याच्याच हातून मरणाच्या दारी पोचलेली सिंधू त्याला वाचविण्यासाठी फौजदारापुढे खोटे बोलते. हुशार मनुष्य, दुःखावरचा उतारा म्हणून केलेला आरंभ, प्रामाणिक पण मोडलेली शपथ, आणि घरच्यांनी घातलेले पांघरूण! गडकरी डॉक्टर नव्हते. तरी आजचा मनोविकारतज्ज्ञ नव्या रुग्णाच्या घरच्यांना जे प्रश्न विचारतो, त्यांतील निम्मे या चार गोष्टींत येऊन जातात. नाटकात डॉक्टर आणि वैद्य आहेत, नाही असे नाही. पण ते हशा पिकविण्यापुरते. दारू सुटावी म्हणून सुधाकराला कोणी डॉक्टरकडे नेत नाही, कारण हा रोग आहे ही समजूतच तेव्हा आपल्याकडे रुजलेली नव्हती. ती आजही फारशी रुजली आहे असे नाही.

युरोपात ही कल्पना त्यापूर्वीच निघाली होती. टॉमस ट्रॉटर या ब्रिटिश नाविक दलातील डॉक्टराने १८०४ साली मद्यासक्तीवर निबंध लिहून तिला मनाचा रोग म्हटले. स्वीडनच्या माग्नुस हुस याने १८४९ साली तिला ‘अल्कोहोलिझम’ हे नाव दिले. पुण्याने मात्र पुष्कळ काळ लढा दिला तो दुकानाशी. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक दारूच्या गुत्त्यांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवीत. पुढे १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला, आणि त्याची एक गंमत अशी की, महाराष्ट्रात त्या कायद्याखाली पिणाऱ्यास मिळणारा परवाना ‘आरोग्य टिकविण्यासाठी’ असतो! ते असो. दुकानापुढे उभे राहणे आवश्यकच होते. पण दुकानातून घरी आलेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

आता सदाशिव पेठेतील एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. घर कल्पित आहे. पण ज्याने पुण्यात वीस वर्षे काढली त्याला ते अपरिचित वाटणार नाही. गृहस्थ बँकेत अधिकारी, वय सेहेचाळीस, कपडे परीटघडीचे, बोलणे मृदू. रात्री नऊनंतर मात्र आतल्या खोलीचे दार लोटलेले. पत्नी शाळेत शिक्षिका. मुलाचे दहावीचे वर्ष. गृहस्थांची आई देवघरात बसून सर्व ऐकते आणि काही न ऐकल्यासारखे करते. सोमवारी सकाळी बँकेत दूरध्वनी जातो : “ह्यांना रात्रीपासून ताप आहे, आज येणार नाहीत.” हा ताप महिन्यातून दोनदा येऊ लागतो. धाकटा भाऊ एकदा गुपचूप क्रेडिट कार्डाचे देणे भागवितो. सासूबाई म्हणतात, “सूनबाई, पुरुषाचे असे चालायचेच, तू जरा गोड बोलून पाहा.” आणि गृहस्थ स्वतः काय म्हणतात? ते म्हणतात, “अगं, मी काय रस्त्यावर पडतो आहे का? श्रावणात महिनाभर थेंब घेत नाही, ते दिसत नाही का तुला?”

हा श्रावणाचा पुरावा महाराष्ट्रात इतक्या घरांत इतक्या वेळा दिला जातो की, त्याची नीट तपासणी केली पाहिजे. महिनाभर न पिणे शक्य झाले, यावरून व्यसन नाही असे सिद्ध होत नाही. व्यसनी मनुष्यही, बाहेरून काही बंधन असेल तर, ठरावीक मुदत काढू शकतो. पाहायचे ते निराळेच. श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी, ज्या दीप-अमावास्येला लोकांनी ‘गटारी’ असे ओंगळ नाव दिले आहे त्या दिवशी, किती पोटात गेली? महिना शांतपणे गेला, की तिथी मोजण्यात, चिडचिडीत आणि निद्रानाशात गेला? आणि मुदत संपताच पहिल्या रात्री हात कोठे थांबला? ज्याची मुदत संपताच जुनेच माप पुन्हा भरले, त्याचा श्रावण हा त्याच्या बाजूचा साक्षीदार नव्हे.

मग व्यसन ओळखावे कसे? प्रथम एक समजूत दूर सारली पाहिजे. व्यसन हे प्यालेल्या मापावरून ठरत नाही, महागड्या किंवा स्वस्त बाटलीवरून ठरत नाही, आणि मनुष्य गटारात पडतो की पलंगावर निजतो यावरून तर मुळीच ठरत नाही. ते ठरते मनुष्याचा पिण्यावर ताबा उरला आहे की नाही यावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत याची सहा लक्षणे दिली आहेत : पिण्याची अनावर ओढ, आरंभ केव्हा करावा, थांबावे केव्हा आणि किती घ्यावी यावर ताबा नसणे, न घेतल्यास अंगाला होणारा त्रास, पूर्वीइतकाच परिणाम होण्यास अधिकाधिक दारू लागणे, इतर आवडी व कर्तव्ये मागे पडणे, आणि अपाय होत आहे हे दिसत असूनही पीत राहणे. वर्षभरात यांपैकी तीन लक्षणे एकत्र दिसली तर डॉक्टर अवलंबित्वाचे निदान करतात. बँकेतल्या त्या गृहस्थांना यातली किती लागू पडतात, ते त्यांच्या पत्नीने रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बोटांवर मोजून पाहावे.

याहून सोपी चाळणी जॉन यूइंग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध केली. तीत चारच प्रश्न आहेत. पिणे कमी केले पाहिजे असे कधी वाटले काय? त्यावरून कोणी बोलले तर राग येतो काय? आपल्या पिण्याबद्दल मन खाते काय? सकाळी उठताच, हात स्थिर व्हावा किंवा डोके उतरावे म्हणून, घोट घ्यावा लागतो काय? दोन प्रश्नांस होकार आला, तर डॉक्टरकडे जाण्याइतके कारण झाले. चौथ्या प्रश्नाला होकार असेल तर बाकीच्यांची वाट पाहण्याचेही प्रयोजन नाही.

मापाची गोष्ट निघालीच आहे तर एक हिशेब सांगून टाकणे बरे, कारण सुशिक्षित मनुष्य आकड्यांपुढे तरी नमतो. आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीचा तीस मिलिलिटरचा लहान पेग घेतला, तर त्यात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. निरोगी यकृत तेवढा मद्यार्क साधारण एका तासात विझविते. त्याहून घाई ते करू शकत नाही, मग वरून लिंबू पिळा, कॉफी पाजा, की डोक्यावर घागर ओता. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग, सुमारे ६० ग्रॅम. रात्री अकराला ती संपविणाऱ्याच्या रक्तात पहाटे पाचपर्यंत आणि कित्येकदा त्यानंतरही मद्य असते, आणि तोच मनुष्य साडेआठला मुलाला दुचाकीवरून शिकवणीस पोचवितो. ‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो’ असे म्हणणाऱ्यांनीही ऐकावे : आठ टक्क्यांच्या कडक बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या वर, अर्थात चार पेग.

आणखी एक फसवे भूषण आहे. ‘आमच्या दादाला कितीही पाजा, चढत नाही’ असे कौतुकाने सांगितले जाते. हे कौतुक नव्हे, हे लक्षण आहे. मद्य मेंदूचे कार्य मंद करते. रोज ते येऊ लागले म्हणजे मेंदू त्याच्याशी रस्सीखेच मांडतो आणि स्वतःला उत्तेजित ठेवण्याचा जोर वाढवितो. त्यामुळे पहिल्याइतक्या दारूने आता गुंगी येत नाही. न चढणाऱ्या दादाचा मेंदू रात्रंदिवस दोर ताणून उभा असतो. अशा वेळी समोरच्याने दोर एकदम सोडला तर काय होईल?

याच ठिकाणी या विषयातली सर्वांत महत्त्वाची, आणि घरोघर अज्ञात असलेली गोष्ट येते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी, डॉक्टरच्या देखरेखीवाचून बंद करणे हे धोक्याचे आहे. प्रसंगी त्यात प्राण जातो. शेवटच्या प्याल्यानंतर सहा-आठ तासांत हाताला कंप सुटतो, घाम फुटतो, मळमळते, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत कित्येकांना मिरगीसारखे झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास थोड्या रुग्णांना सन्निपात होतो : भिंतीवर किडे चढताना दिसतात, नसलेली माणसे बोलू लागतात, ताप चढतो, आपण घरी आहोत की कचेरीत हे कळेनासे होते. घरच्यांना वाटते डोके फिरले, किंवा बाहेरची बाधा झाली. आणि धावाधाव होते ती भलत्याच दिशेने. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात, देवाची शपथ घातल्याच्या तिसऱ्या दिवशी, किंवा पाय मोडून शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात पडल्यावर हा प्रकार उद्भवतो, याचे कारण हेच की दोर एकदम सुटलेला असतो.

म्हणून घरात कोणी रोज पीत असेल आणि ‘उद्यापासून बंद’ असे म्हणत असेल, तर त्याचे अभिनंदन अवश्य करावे. पण त्या उद्याच्या आधी डॉक्टरला गाठावे. ज्याला पूर्वी झटके आले आहेत, ज्याला सकाळी कंप सुटतो, ज्याचे यकृत वा हृदय दुबळे आहे, त्याला रुग्णालयात ठेवूनच हे करावे लागते. तेथे काही दिवस मेंदूचा उद्रेक शमविणाऱ्या गोळ्या मोजून देतात आणि उतरत्या मापाने बंद करतात. त्याबरोबर ‘बी-वन’ हे जीवनसत्त्व टोचतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा दुष्काळ असतो. त्या दुष्काळात साखरेचे सलाइन आधी चढविले तर मेंदूला कायमची इजा होऊन स्मृती जाण्याची भीती असते. डोळे भिरभिरणे, चाल लटपटणे आणि गोंधळणे ही तीन चिन्हे दिसली तर ती नशा समजून झोपू देऊ नये. तातडीने रुग्णालय गाठावे. या पहिल्या सात-आठ दिवसांना पुष्कळ लोक उपचार समजतात. वस्तुतः तो उपचाराचा उंबरठा होय.

उंबरठ्यापलीकडचे काम लांबलचक आहे, आणि त्याचा पुण्यातला एक आरंभ सर्वांना ठाऊक असावा असा आहे. ऐंशीच्या दशकात गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या व्यसनाने तरुण मुले धडाधड नासू लागली. डॉक्टरकीची पदवी घेऊन लेखणीकडे वळलेले अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे मन इतके हलले की, त्यांनी या मुलांसाठी काही उभे करावे म्हणून देणगी पुढे केली. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्या रुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. आरंभ गर्दसाठी झाला, पण लवकरच दारूचे रुग्ण त्याहून अधिक येऊ लागले. गर्द वर्तमानपत्रात होती. दारू घराघरांत होती. डॉ. अनिता अवचट १९९७ साली निवर्तल्या, अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी हे काम पुढे चालविले. येरवड्यातच आता संस्थेची स्वतःची वास्तू आहे.

तेथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा असतो. या काळात रुग्णास कोंडून ठेवण्यावर भर नसतो. पहाटे उठणे, केर काढणे, व्यायाम, गटात बसून आपली हकीकत सांगणे आणि दुसऱ्याची ऐकणे, हा दिनक्रम असतो. केर काढण्याच्या कामी साहेब आणि शिपाई शेजारी शेजारी असतात, आणि साहेबाला त्याचा पहिल्या आठवड्यात फार राग येतो. व्यसनातून बाहेर पडलेलेच कित्येक जण तेथे कार्यकर्ते होऊन राहिलेले असल्यामुळे ‘तुम्हांला काय कळणार आमचे?’ ही ढाल कामी येत नाही. पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. स्त्री रुग्णांसाठी ‘निशिगंध’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. स्त्रियांचे नाव येथे मुद्दाम घेतले. पुरुषाच्या व्यसनावर घर एक पांघरूण घालते, तर स्त्रीच्या व्यसनावर चार घालते. स्त्रीच्या शरीराला त्याच मापाची दारू अधिक लवकर अपाय करते, आणि डॉक्टरपर्यंत ती बहुधा पुरुषापेक्षा उशिरा पोचते.

औषधांविषयी थोडे. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकॉबसेन हे दोन संशोधक जंतांवरचे म्हणून एक द्रव्य तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले, आणि पुढे एखादा प्याला घेताच चेहरा लाल झाला, छाती धडधडू लागली, ओकारी आली. तेच डायसल्फिरॅम. गोळी घेणाऱ्याला दारूची धास्ती बसते, हा तिचा उपयोग. पण ती त्याच्या ज्ञानाने आणि संमतीनेच द्यावयाची असते. ‘चहातून द्या, भाजीतून द्या, कळणारही नाही, पंधरा दिवसांत दारू सुटेल’ अशा जाहिराती भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत झळकतात. अशा पुड्यांत काय असेल ते विकणाराच जाणे. त्यात डायसल्फिरॅम असले आणि बिचाऱ्याने नकळत वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून त्याचा जीव जाऊ शकतो; गोळी थांबविल्यावरही तिचा अंमल आठवडा-दोन आठवडे राहतो. पत्नीने प्रेमापोटी केलेली ही लबाडी खचित टाळावी. पिण्याची ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोन, अकँप्रोसेट यांसारखी औषधेही आहेत. ती यकृत व मूत्रपिंड तपासून डॉक्टर देतात.

औषधाने शरीर सावरते. पण संध्याकाळचे साडेसात वाजले आणि कचेरीतून निघालेल्या पायांना जुन्याच गल्लीची सवय असली, तर तेथे औषधाहून माणूस उपयोगी पडतो. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन या गावी एक दलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत बसले. एकाची संगत दुसऱ्याला तारते असे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मंडळी जगभर पसरली. पुण्यातही तिच्या सभा भरतात. वर्गणी नाही, आडनाव विचारीत नाहीत. पहिल्या सभेस जाताना ओळखीचा कोणी भेटेल अशी भीती वाटते. भेटतोही; पण तोही त्याच कामासाठी आलेला असतो.

आता घसरण्याविषयी. उपचारानंतर चार महिन्यांनी मनुष्याने पुन्हा प्याला घेतला की घरात एकच आकांत होतो : पैसे बुडाले, सारे ढोंग होते, हा सुधारणार नाही. मधुमेही मनुष्याने दिवाळीत लाडू खाऊन साखर वाढविली, तर त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. पुन्हा डॉक्टरकडे नेतात. हा रोगही जुनाट रोगांच्या पंक्तीतला आहे, आणि पहिल्या वर्षात तो उलटणे पुष्कळांच्या वाट्याला येते. सुधाकराची शपथ मोडली ती दुष्टपणाने नव्हे. अपमान झाला त्या संध्याकाळी त्याला जाण्यासारखे दुसरे ठिकाण नव्हते. घसरला त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरकडे गेलेला आणि घसरण सहा महिने लपविलेला, या दोघांत फार अंतर असते.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमागे एकासच काही ना काही उपचार मिळाले आहेत. उरलेल्या सदतीसांत रुग्णालय दूर असलेले, पैसे नसलेले पुष्कळ असतील. सदाशिव पेठेत, कोथरुडात किंवा औंधात मात्र ही कारणे लागू नाहीत. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, खाजगी तज्ज्ञ गल्लोगल्ली आहेत. तेथे अडते ते ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांवर, आणि सोमवारी सकाळी बँकेत जाणाऱ्या त्या तापाच्या दूरध्वनीवर. तो दूरध्वनी करणारी बाई दुष्ट नाही, अगतिक आहे. परंतु तिने तो प्रत्येक वेळी केल्यामुळे गृहस्थांना आपल्या पिण्याचा परिणाम कधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा लागलेला नाही. पुढच्या सोमवारी तो त्यांचा त्यांनी करावा.

बोलायचे केव्हा, यालाही शास्त्र आहे. रात्री, प्याल्यानंतर, कधीही नाही. सकाळी, चहाच्या वेळी, मूल शाळेत गेल्यावर. ‘तुम्ही असेच आहात, तुमच्या घराण्यातच हे’ असे बोलू नये. झालेली एक गोष्ट तारखेनिशी सांगावी. “अहो, मंगळवारी रात्री बाळू तुमची वाट पाहत दारातच झोपला. मला भीती वाटते. मी गुरुवारी पाचची वेळ घेतली आहे, आपण दोघे जाऊ.” एवढे पुरे. उत्तरादाखल रागाचा भडका उडेल. त्यावर वाद न घालता वेळ तेवढी कायम ठेवावी. आणि गुरुवारी ते आलेच नाहीत, तर पत्नीने एकटीने जावे. हा सल्ला विचित्र वाटेल. पण रुग्णाआधी घरच्यांनी डॉक्टरला किंवा समुपदेशकाला भेटणे ही या रोगातली रूढ आणि उपयोगी रीत आहे. पांघरूण काढायचे कसे, हे तिला तेथेच शिकता येते. मारहाण होत असेल तर मात्र सकाळच्या चहाची वाट पाहू नये; मुलांना घेऊन आधी सुरक्षित जागी जावे.

रागाच्या भरात आणखी एक वाट धरली जाते : चार धटिंगण बोलावून मनुष्याला मोटारीत घालणे. व्यसनमुक्ती केंद्र अशी पाटी कोणालाही रंगविता येते. जेथे डॉक्टर नेमाने येत नाही, जेथे तीन-तीन महिने घरच्यांना भेटू देत नाहीत, जेथे ‘शंभर टक्के खात्री’ लिहून देतात, तेथे माणूस ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मनोविकार येतात, आणि त्या कायद्याने रुग्णाला सन्मानाने वागविले जाण्याचा, आपल्या उपचाराची माहिती मिळण्याचा आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला आहे.

कोठे विचारावे असा प्रश्न पडल्यास १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा विनामूल्य दूरध्वनी आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’ क्रमांक सुरू आहे. डॉक्टरकडे जाताना एक कागद बरोबर न्यावा. त्यावर रोज साधारण किती घेतली जाते ते, लाज न धरता आणि निम्मे न करता, लिहावे. शेवटचा प्याला किती वाजता घेतला ते. पूर्वी कधी झटके आले होते काय ते. मधुमेह, रक्तदाब, झोपेच्या गोळ्या वगैरे सर्व औषधांची नावे. आणि पूर्वी कधी सोडली होती, किती दिवस टिकली आणि त्या दिवसांत झोप कशी होती. डॉक्टर बहुधा प्रथम शेवटच्या प्याल्याची वेळच विचारतात, कारण पुढच्या दोन-चार दिवसांचा सारा बेत त्यांना त्या घड्याळावरून ठरवावयाचा असतो.